परतलेली पावले

मे महिन्यातील दुपार होती. मोर्शीहून वरुडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा असलेल्या एका वळणावर, एक मनुष्य सायकलीशेजारी आडवा पडलेला होता. थोड्या अंतरावर कडुलिंबाच्या सावलीत चार-पाच माणसे उभी होती. मी गाडीचा वेग कमी केला आणि काच खाली केली. त्यांच्यापैकी एकाने हात हलवून सांगितले, "जा जी डॉक्टरसाहेब, पेलेला असंन." मला नात्यातील एका लग्नाला वेळेवर पोहोचायचे होते. दारू पिऊन रस्त्यात पडलेला माणूस आमच्या भागात नवलाचा नाही. मी काच वर केली आणि पुढे निघालो.

दीड-दोन किलोमीटर गेल्यावर त्या माणसाचा सदरा डोळ्यांपुढे आला. तो घामाने निथळत होता. वऱ्हाडातील मे महिन्याच्या कोरड्या उन्हात घाम अंगावर फारसा टिकत नाही. आला की वाळतो. इतका घाम फुटण्याचे कारण काही निराळे असले पाहिजे, हे मी वैद्यकाच्या अभ्यासक्रमात शिकलो होतो. मी गाडी वळवली.

परत आलो तेव्हा झाडाखालची माणसे तेथेच उभी होती. मात्र शेजारच्या बागेत कामाला आलेली एक वृद्ध बाई त्या माणसाजवळ येऊन बसली होती. त्याचे डोके तिने मांडीवर घेतले होते आणि लुगड्याचा पदर पसरून त्याच्या तोंडावर सावली धरली होती. मी त्याच्या रक्तातील साखर तपासली. यंत्रावर आकडा आला 32. साखर 70 च्या खाली गेली की ती कमी समजतात, आणि ती एवढी खाली गेली तर माणूस बरळतो, झोकांड्या खातो, अखेर बेशुद्ध होतो. पाहणाऱ्यांना तो दारूच्या नशेत असल्यासारखा वाटतो. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर काही मिनिटांत त्याने डोळे उघडले आणि विचारले, "माही सायकल कुठी हाय?" मधुमेहाची गोळी घेऊन, उपाशीपोटी, तो सकाळीच बाजाराला निघाला होता. गोळीचा परिणाम बराच काळ टिकत असल्याने त्याला मी रुग्णालयात पोहोचवले.

निघण्यापूर्वी त्या बाईंना विचारले, "आजी, तुम्हाला भीती नाही वाटली?"

"वाटली ना जी," त्या म्हणाल्या. "मानूस मेला तं पोलीस मलेच इचारतीन, असं वाटे. पन मंग मनात आलं, याची माय इथं असती तं?"

या घटनेला बावीस वर्षे झाली. रोगाचे ज्ञान माझ्याजवळ होते, गाडी होती, औषधाची पिशवी होती. तरी मी पुढे निघून गेलो होतो. आजींजवळ यांपैकी काहीच नव्हते. मला त्या क्षणाची लाज वाटली आणि अजूनही वाटते. परंतु त्यानंतरच्या काळात रुग्णांबरोबर आणि त्यांच्या घरच्यांबरोबर वावरताना एक गोष्ट मला उमगत गेली. पहिल्या क्षणी पाय मागे घेणे हा मनुष्यस्वभाव आहे. करुणेची खरी कसोटी दुसऱ्या क्षणी लागते, परत वळण्याच्या वेळी.

पळालेला अभयसाधक

याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या विदर्भातीलच आहे. मुरलीधर देविदास आमटे, म्हणजे बाबा आमटे, यांचा जन्म 26 डिसेंबर 1914 रोजी हिंगणघाटला झाला. ते वकील होते, शिकारीचा आणि मोटारींचा शौक असलेले जमीनदार घराण्यातील तरुण होते. रेल्वेप्रवासात स्त्रीची छेड काढणाऱ्या गोऱ्या सैनिकांना ते एकटे भिडले, तेव्हा गांधीजींनी त्यांना 'अभयसाधक' म्हटले. वरोऱ्याचे उपनगराध्यक्ष असताना सफाई कामगारांचे दुःख कळावे म्हणून त्यांनी स्वतः डोक्यावरून मैला वाहिला.

याच कामाच्या दिवसांत, पावसात भिजत पडलेला तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी त्यांच्या दृष्टीस पडला. हातापायांची बोटे झडलेली, जखमांत किडे झालेले, असे ते शरीर होते. ते पाहून बाबा घाबरले आणि तेथून घरी पळाले. ज्याला गांधीजींनी अभयसाधक म्हटले, तो मनुष्य एका मरणासन्न, असहाय माणसाला भ्याला. आपण संसर्गाला भ्यालो, ही बोचणी त्यांना स्वस्थ बसू देईना. ते परत गेले. त्यांनी तुळशीरामाला पावसापासून आडोसा केला, त्याला अन्न भरवले. तुळशीराम वाचला नाही. परंतु ती भीती मनातून समूळ काढायची तर कुष्ठरोग्यांमध्येच राहून काम केले पाहिजे, असे बाबांनी ठरवले.

येथून पुढे त्यांनी जे केले ते आपण सहसा विसरतो. ते शिकायला गेले. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहरजी दिवाण यांनी 1936 मध्ये कुष्ठधाम सुरू केले होते. तेथील काम त्यांनी पाहिले. पुढे कोलकात्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यकाच्या संस्थेत त्यांनी कुष्ठरोगाचे शास्त्रशुद्ध शिक्षण घेतले. 1949 मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली आणि 1951 मध्ये साधनाताई, दोन लहान मुले आणि सहा रुग्ण यांच्यासह त्यांनी वरोऱ्याजवळच्या ओसाड जमिनीवर आनंदवन वसवले. प्रथम भीती, मग बोचणी, मग परत फिरणे, मग शिकणे आणि शेवटी सेवा, असा हा क्रम आहे.

अमरावतीकरांना हा क्रम परका नाही. होमिओपॅथीचे डॉक्टर आणि स्वातंत्र्यसैनिक शिवाजीराव उर्फ दाजीसाहेब पटवर्धन यांनी 1946 मध्ये अमरावतीत तपोवन उभे केले. ज्यांना गावाने वेशीबाहेर काढले होते, त्या रुग्णांच्या हाती तेथे शेती, विणकाम, सुतारकाम आले. 1959 मध्ये दाजीसाहेबांना पद्मश्री मिळाली. आजच्या काळातील उदाहरण मेळघाटातील बैरागडचे डॉ. रवींद्र कोल्हे यांचे आहे. एमबीबीएस होऊन ते या दुर्गम गावात गेले. तेथील रुग्णांपुढे आपले शिक्षण अपुरे पडते हे त्यांच्या ध्यानात आले, तेव्हा ते पुन्हा शिकायला गेले, एम.डी. झाले आणि बैरागडला परतले. पुढे डॉ. स्मिता कोल्हे त्यांच्या कामात सहभागी झाल्या आणि 2019 मध्ये दोघांनाही पद्मश्रीने गौरवण्यात आले.

ही माणसे थोर होती म्हणून ती आपल्यापेक्षा वेगळी, असे म्हणून आपण सुटका करून घेतो. त्यांच्यापासून घेण्याजोगी गोष्ट मात्र अगदी साधी आहे. धैर्य अंगी यायचे असेल तर आपण नेमके कशाला भितो हे शोधावे आणि त्याविषयी माहिती करून घ्यावी.

भीतीची चार रूपे

माझ्या दवाखान्यात ऐकू येणाऱ्या भीती प्रामुख्याने चार आहेत.

पहिली संसर्गाची. कुष्ठरोग हा फार कमी संसर्गजन्य आजार आहे. बहुतेक माणसांत त्याविरुद्ध नैसर्गिक प्रतिकारशक्ती असते. बहुविध औषधोपचाराने तो प्रकारानुसार 6 किंवा 12 महिन्यांत बरा होतो आणि हे औषध सरकारी आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळते. उपचार सुरू झाला की रुग्णापासून संसर्गाची शक्यता लवकरच संपते. क्षयरोगातही योग्य औषधे नियमित सुरू झाल्यावर साधारणपणे दोन आठवड्यांत संसर्गाचा धोका पुष्कळ कमी होतो. तोवर खोकताना तोंडावर रुमाल किंवा मास्क आणि खोलीत खेळती हवा असावी. कर्करोग, पक्षाघात, अपस्मार म्हणजे मिरगी, हे आजार तर स्पर्शाने होतच नाहीत. तरीही अशा रुग्णाचा पेला वेगळा ठेवणारी घरे मी आजही पाहतो.

दुसरी भीती पोलिसांची आणि कोर्टकचेरीची. बागेतील त्या आजींना हीच भीती वाटली होती. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यांच्या संरक्षणासाठी केंद्र सरकारने तयार केलेली मार्गदर्शक तत्त्वे सर्वोच्च न्यायालयाने 30 मार्च 2016 रोजी बंधनकारक केली. पुढे 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 134-अ आले. सद्हेतूने मदत करणाऱ्यावर त्यामुळे दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. त्याला आपले नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. जखमीला रुग्णालयात पोहोचवून तो निघून जाऊ शकतो. ही माहिती घरातील प्रत्येकाला असावी.

तिसरी भीती चूक होण्याची. "काही करायला जावे आणि भलतेच व्हावे" असे लोक म्हणतात. ही शंका योग्यच आहे, म्हणूनच काय करू नये हे आधी शिकावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी, साखर, काहीही घालू नये; ते श्वासनलिकेत जाते. मिरगीच्या झटक्यात दातांत चमचा घालू नये, कांदा किंवा वहाण हुंगवू नये, हातपाय दाबून धरू नयेत. डोक्याखाली मऊ काही ठेवावे, आजूबाजूच्या टणक वस्तू दूर कराव्यात, झटका थांबला की कुशीवर वळवावे आणि झटका किती वेळ चालला याकडे लक्ष ठेवावे. पाच मिनिटांहून अधिक चालला तर तातडीने रुग्णवाहिका बोलवावी. माणूस बोलत असेल, पण अंगाला तोंड, हात किंवा पाय अचानक लुळा पडला असेल, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे. पक्षाघातात गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच उपयोगी पडते.

चौथी भीती अडकून पडण्याची. एकदा मदत केली की हा माणूस आयुष्यभर गळ्यात पडेल, असे वाटते. त्यावर उपाय म्हणजे मदतीला स्वतःच मर्यादा घालावी. "दर गुरुवारी मी तुमची औषधे आणून देईन" हे वचन पाळता येते. "काही लागले तर सांगा" हे वाक्य बोलायला सोपे असते आणि बहुधा तेथेच विरते.

गर्दीत उभा असलेला माणूस

कडुलिंबाखालची ती चार-पाच माणसे दुष्ट नव्हती. एकेकटी त्या वळणावरून गेली असती तर त्यांतील एखादा नक्की थांबला असता. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जॉन डार्ली आणि बिब लताने यांनी 1968 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या खोल्यांत बसलेल्या विद्यार्थ्यांना ध्वनियंत्रणेवरून एका सहकाऱ्याला झटका आल्याचे ऐकवण्यात आले. हे आपण एकटेच ऐकत आहोत असे ज्यांना वाटत होते, त्यांपैकी 85 टक्के मदतीसाठी उठले. आणखी चौघे ऐकत आहेत असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यात हे प्रमाण 31 टक्क्यांवर आले. पाहणारे वाढले की जबाबदारी वाटली जाते आणि प्रत्येकाच्या वाट्याला ती इतकी थोडी येते की कोणीच हलत नाही.

म्हणून अशा प्रसंगी मोघम हाका मारू नयेत. एका माणसाकडे बोट दाखवावे: "निळा सदरा घातलेले भाऊ, 108 ला फोन लावा." एकाने पाऊल उचलले की इतरांचेही पाय मोकळे होतात. मी परत आलो तेव्हा त्या झाडाखालच्या माणसांनीच रुग्णाला उचलून गाडीत ठेवले आणि एकजण त्याची सायकल घेऊन घरी निरोप द्यायला गेला.

घरातली वाट

रस्त्यावरचा प्रसंग काही मिनिटांत संपतो. घरातील आजारपण वर्षानुवर्षे चालते आणि करुणेची परीक्षा तेथे रोज होते.

एका सकाळी, दवाखाना उघडण्यापूर्वीच, पन्नाशीच्या एक बाई पायरीवर बसलेल्या दिसल्या. त्यांच्या सासूबाई पक्षाघाताने चार वर्षे अंथरुणाला खिळलेल्या. रात्री तिसऱ्यांदा कपडे बदलावे लागले, तेव्हा यांच्या तोंडून निघून गेले, "सुटत काहून नाही तुमी एकदाच्या!" सासूबाईंना बोलता येत नव्हते, त्या फक्त पाहत राहिल्या. "त्या नजरेनं मी रातभर झोपली नाही, डॉक्टर. मी राक्षसीन हाय काय?"

मी त्यांना विचारले, "पहाटे काय केलेत?" त्या म्हणाल्या, "पहाटे त्याहिले आंघोळ घातली, येनी घातली, चहा पाजला."

मी म्हणालो, "मग तुम्ही राक्षसीण कशा? तुम्ही थकला आहात."

थकलेल्या शुश्रूषकाची चिडचिड हे दुष्टपणाचे लक्षण नव्हे. झोप मोडणे, लहानसहान गोष्टींवर संताप, रुग्णाविषयी काहीच न वाटणे, स्वतःची औषधे विसरणे, ही शक्ती संपत आल्याची चिन्हे आहेत. त्यांकडे दुर्लक्ष झाले तर पुढे रुग्ण आणि शुश्रूषक असे दोन आजारी घरात होतात. त्या बाईंच्या पतीला आणि दिराला मी बोलावून घेतले. दिवसातून सलग दोन तास त्या घराबाहेर किंवा झोपेत राहतील, रात्रीची एक पाळी पती करतील आणि दीर महिन्यातील दोन रविवार येऊन राहतील, असे कागदावर लिहून ठरवले. शय्याव्रण टाळण्यासाठी साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. ते काम एकाच व्यक्तीच्या कमरेवर टाकणे अन्याय्य आहे. सासूबाई त्यानंतर दीड वर्ष जगल्या. त्यांच्या पाठीवर शेवटपर्यंत व्रण झाला नाही.

शुश्रूषा करणाऱ्या वाचकांना मला एवढेच सांगायचे आहे की, तोंडून कठोर शब्द जाणार, कधी खोलीतून पळून जावेसे वाटणार. अशा वेळी पाच मिनिटे अंगणात जावे, तोंडावर पाणी मारावे आणि परत यावे. आल्यावर "मघाशी मी चुकलो" एवढे म्हणावे. समोरच्याला बोलता येत नसले तरी बहुधा ते कळते. आणि मदत मागण्यात कमीपणा मानू नये. मदत करायला धैर्य लागते, तसेच ती मागायलाही लागते.

"माह्यानं आता काय होते?"

ज्येष्ठ रुग्णांकडून हे वाक्य मी नेहमी ऐकतो. गुडघे दुखतात, दिसत नाही, पैसा मुलांच्या हाती. अशा स्थितीत आपण कोणाच्या काय कामी पडणार, असे त्यांना वाटते. या प्रश्नाचे उत्तर मला एका निवृत्त गुरुजींनी दिले. वय 78, दोन्ही गुडघे निकामी, हातात काठी.

त्यांच्या शेजारी एक संत्रा बागायतदार राहत असे. त्या वर्षी फळगळतीने त्याचा बहार गेला, बँकेचे कर्ज थकले. तो पारावर येईनासा झाला. गुरुजी रोज संध्याकाळी काठी टेकत त्याच्या ओसरीवर जाऊन बसू लागले. पहिल्या दिवशी त्याच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांना काही विचारवले नाही आणि ते उठून घरी आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. चौथ्या की पाचव्या दिवशी त्यांनी सरळ विचारले, "बापू, जीव द्यायचं तं मनात येत नाही ना तुह्या?" ते मला नंतर म्हणाले, "डॉक्टरसाहेब, चाळीस वर्षं पोरांले सवाल केले, पन एवढी जीभ कधी जड झाली नव्हती."

तो बराच वेळ गप्प राहिला. मग उठून आत गेला आणि फवारणीच्या औषधाचा डबा आणून त्याने गुरुजींच्या पायाशी ठेवला. गुरुजींनी तो डबा तिथून हलवला, त्याच्या पत्नीला जवळ बसवले, ती रात्र कोणी त्याला एकटे सोडले नाही आणि सकाळी ते सगळे माझ्याकडे आले. उपचार झाले, मानसोपचारतज्ज्ञांची मदत घेतली, कर्जाविषयी बँकेशी बोलणे झाले. आज तो शेती करतो आहे.

असा प्रश्न विचारल्याने आत्महत्येचा विचार मनात येईल, ही समजूत चुकीची आहे. विचारल्याने बहुधा मन मोकळे होते. विचारणाऱ्याने उपदेश करू नये, "असं बोलू नये" म्हणून विषय बंद करू नये. ऐकावे, माणसाला एकटे सोडू नये, घातक वस्तू दूर कराव्यात आणि डॉक्टरांकडे न्यावे. या कामाला गुडघे लागत नाहीत. वेळ लागतो, आणि तो ज्येष्ठांजवळ सर्वाधिक असतो.

शेंडगावात जन्मलेले आपल्या जिल्ह्याचे गाडगेबाबा गावात आले की आधी हाती खराटा घेत. कीर्तन रात्री होई. काम कोठून सुरू करायचे, याचा विचार करण्यात त्यांचा दिवस जात नसे. समोरचा रस्ता अस्वच्छ आहे, एवढे त्यांना पुरे होते.

हा अंक हाती आल्यापासून पुढचा अंक येईपर्यंत 15 दिवस आहेत. या काळात एखादे असे दार आठवून पाहा, जेथून आपण कधीतरी मागे फिरलो होतो. आजारी भावाचे असेल, अबोला धरलेल्या शेजाऱ्याचे असेल, घरातल्याच आतल्या खोलीचे असेल. तेथे एकदा परत जाऊन बसा. काय बोलावे ते सुचले नाही तरी चालेल. बागेतील त्या आजीही माझ्या येण्यापूर्वी काही बोलल्या नव्हत्या. त्यांनी फक्त पदर धरला होता.

घरात लावून ठेवावे

• 108: रुग्णवाहिका. 14567: ज्येष्ठ नागरिकांसाठी राष्ट्रीय मदतवाहिनी. 14416: मानसिक आरोग्यासाठी विनामूल्य 'टेली-मानस'.

• कोणी कोसळले तर प्रथम खांद्यावर थोपटून हाक मारावी. प्रतिसाद नसेल तर 108 ला फोन करावा. श्वास नीट चालू असेल आणि दुखापत दिसत नसेल तर कुशीवर वळवावे.

• प्रतिसाद नाही आणि श्वासही नीट नाही, तर छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी मिनिटाला 100 ते 120 वेळा, सुमारे 5 सेंटीमीटर खोल दाब द्यावा आणि मदत येईपर्यंत थांबू नये. हे प्रत्यक्ष शिकून घ्यावे.

• मधुमेही माणूस घामाघूम झाला, बरळू लागला, पण शुद्धीवर आहे आणि गिळू शकतो, तर त्वरित तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजावी. बरे वाटल्यावर काही खायला द्यावे आणि डॉक्टरांना कळवावे.

• मधुमेहाची औषधे घेणाऱ्याने उपाशीपोटी प्रवासाला निघू नये. खिशात साखरेची पुडी आणि आजार व औषधांची नावे लिहिलेली चिठ्ठी ठेवावी.